मनगटावरचा लाल दोरा

ल्वान वस्ताद फोन घ्यायला जिन्यात जातात, ही गोष्ट छू वानयिनला महिनाभर खुपत होती. कॉलेजातून बाहेर पडल्यापासून ती त्यांच्या हाताखाली शिकलेली. हा माणूस फोनवर बायकोशीसुद्धा सगळ्यांदेखत ओरडून बोलायचा. आणि आता फोन वाजला की दार लोटून बाहेर, आणि परत येताना चेहरा असा, की जणू काही झालंच नाही.

ईशान्य चीनमधल्या शेनयांगची त्यांची कंपनी चिप बनवत नव्हती. चिप बनवणाऱ्या कारखान्यांना यंत्रं पुरवत होती. सिलिकॉनच्या चकतीवर केसाहून बारीक रेषा कोरणारं नवं यंत्र तयार होतं. ते पसंत करायला दोन दिवसांत गिऱ्हाईक येणार होतं, आणि चाचणीच्या चकत्यांवर रोज कण पडत होते. एका कणाने चकतीवरची एक चिप वाया जाते. इथे तर पोह्यात खडे निघावेत तसे ते निघत होते. दक्षिणेतली एक कंपनी हे गिऱ्हाईक पळवायला टपलेलीच होती. तिथली माणसं वस्तादांना जेवायला नेतात, अशी कुजबुज कॅन्टीनमध्ये कधीची चालली होती.

सुरक्षा विभागाच्या ज्यावसाहेबांनी वानयिनला बोलावून चहा पाजला, तेव्हाच तिने सावध व्हायला हवं होतं.

"वानयिनबाई, तुम्ही कुणावर आरोप करू नका. ल्वान हल्ली कसा वागतो, एवढंच सांगा."

"कसे म्हणजे? नेहमीसारखे."

"नेहमीसारखे म्हणताना तुम्ही खाली का बघताय?"

मग तिने जिन्यातल्या फोनचं सांगून टाकलं. सांगितल्यावर तिला हलकं वाटलं, आणि त्याची पुढे तिला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तादांचं कार्ड फाटकावर चाललं नाही. त्यांनी ते बाहीला पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा पुसलं. मागे रांग खोळंबली होती. शेवटी पहारेकऱ्याने हळूच काहीतरी सांगितलं, तसे ते मान खाली घालून घरी गेले. वानयिन रांगेतच होती. आता तरी चकत्या स्वच्छ निघतील, असं तिने स्वतःला बजावलं.

निघाल्या नाहीत. दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली लोकरीचा एक तंतू दिसला. लाल.

धुळीचा कणही चालत नाही अशा त्या क्लीनरूममध्ये सगळे डोक्यापासून पायांपर्यंत पांढऱ्या पोशाखात. तिथे लाल आलं कुठून? आणि एकदम तिला हातमोज्याखाली स्वतःचं मनगट जाणवलं.

यंदा तिचं ड्रॅगनचं वर्ष. वस्ताद तिच्याहून बरोबर एक फेरा, म्हणजे बारा वर्षांनी, मोठे, त्यामुळे त्यांचंही. आपल्या जन्माच्या प्राण्याचं वर्ष फिरून आलं की ते माणसाला जड जातं, म्हणून अंगावर लाल काहीतरी हवंच. नववर्षाच्या जेवणाला वस्तादांनी स्वतः तिच्या मनगटावर लोकरीचा दोरा बांधला होता. अंगठी आणि घड्याळ ती रोज बाहेर ठेवायची. दोरा मात्र नाही. वर्ष सरायच्या आत तो सोडला तर काय होईल कोण जाणे, आणि त्यातून बांधलेला वस्तादांनी. यंत्राच्या तोंडात हात घातला की मोजा थोडा सरकायचा, एवढंच.

तिला लाज वाटायला हवी होती. पण संशय एकदा घरात शिरला की पाहुण्यासारखा जात नाही. सगळे रेशमी दोरे बांधतात. हा लोकरीचा का? सुटलेल्या एका केसावरून तिला झापणाऱ्या माणसाला लोकरीचे तंतू गळतात हे कळत नव्हतं?

संध्याकाळी ती तडक त्यांच्या घरी गेली. वस्तादांच्या पत्नी, म्हणजे तिच्या काकू, आंबवलेल्या कोबीच्या करंज्या उकडत होत्या.

"आलीस? हात धू आणि बस."

ती बसली नाही. "वस्ताद, हा दोरा तुम्ही मुद्दाम लोकरीचा बांधलात का?"

काकूंचा झारा थांबला. "लोकर माझी गं. ह्यांच्या स्वेटरची उरलेली."

वस्ताद तिच्या मनगटाकडे बघत राहिले. "तू हा घालून आत जातेस?"

तिने बाही खाली ओढली. दाराजवळच्या खिळ्याला तसलाच दोरा लटकत होता.

"मी माझा सकाळी तिथे अडकवून जातो, आल्यावर घालतो. तुला हे सांगायला हवं, असं मनातच आलं नाही. माझ्याच हाताखाली शिकलेली ना तू." ते खुर्चीत टेकले. "उद्या पहाटे लवकर जा. यंत्राचं तोंड नीट पुसून घे, दोनदा. गिऱ्हाईक येईपर्यंत चकत्या स्वच्छ निघतील."

"ज्यावसाहेबांना मीच सांगितलं."

"कळलं ते. जिन्याचं दुसरं कोण सांगणार?"

एवढं ऐकूनही तिच्या तोंडून निघालंच, "मग ते फोन कुणाचे होते?"

वस्ताद हसले, पण ते हसणं तिच्या ओळखीचं नव्हतं.

"त्यांचेच, दक्षिणेतल्यांचे. महिनाभर त्यांच्या नोकरीला नाही म्हणत होतो. सगळ्यांसमोर बोललो असतो तर तुम्हीच म्हणाला असता, म्हातारा भाव खातोय." त्यांनी तिच्या वाडग्यात करंज्या वाढल्या. "आज दुपारी हो म्हणालो."

काकूंनी करंज्या बुडवायची व्हिनेगरची वाटी नेहमीसारखी तिच्यापुढे सरकवली.