तारेचा पीळ

सुनेने ट्रकच्या डॅशबोर्डच्या जाळीसमोर हात धरला आणि मान हलवली. इंजिन अर्धा तास सुरू होतं, तरी आतून येणारी हवा गारच.

"जाळीत कचरा अडकलाय, दुसरं काही नाही," शेजारच्या सीटवरून सासरे म्हणाले. दोन मफलर आणि एक ब्लँकेट यांतून त्यांचं फक्त नाक बाहेर होतं. "एक फुंकर मारा आणि सोडा. पंख्याबिंख्याला हात लावायचं काम नाही."

गॅरेजचा मिस्त्री हसला. गेल्याच आठवड्यात त्याने हीटरचे पाइप धुऊन दिले होते, उपयोग शून्य. त्याने इंजिन बंद करायला लावलं आणि बॉनेट उघडून आत डोकं घातलं.

ट्रक जुना होता आणि उभा जन्म ट्रकवर काढलेले सासरेही काही नवे नव्हते. तीन वर्षांपूर्वी उकळत्या रेडिएटरचं झाकण उघडताना नवऱ्याचा हात भाजला, बोटं आखडली आणि स्टिअरिंग सुनेच्या हातात आलं. पहिल्याच फेरीला सासरे कोणी न विचारता शेजारी चढून बसले. तेव्हापासून तिने गिअर टाकला की त्यांनी नाक मुरडायचं, हे ठरूनच गेलं होतं. पण परवा डॉक्टरांनी त्यांची छाती तपासली आणि स्पष्टच सांगितलं, यापुढे गारठा नको. केबिन गरम होत नसेल तर हिवाळाभर त्यांनी लेकीकडे राहायचं, असं घरात ठरलं. नणंदेने शिलाई मशीन हलवून खोलीही रिकामी केली. सासरे त्यावर हूं की चूं बोलले नव्हते. एरवी मिठावरून वाद घालणारा माणूस गप्प बसला म्हणून सुनेला काळजी लागली होती. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या कुरकुरीशिवाय रस्ता कापणं तिला नकोच होतं.

"ताई, जरा इकडे या," मिस्त्रीने हाक मारली.

ती खाली उतरली. त्याने पाइपाच्या तोंडाशी एक रिकामी जागा दाखवली.

"इथे थर्मोस्टॅट असतो. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरतो. कोणीतरी काढूनच टाकलाय. वर पंखाही डायरेक्ट केलाय, ही वायर बघा. चावी फिरवली की पंखा सुरू, मग ऊन असो की थंडी. अशी गाडी सहसा उकळत नाही, पण धड तापतही नाही. हीटरला ऊब मिळणार कुठून? कोणा अडाण्याचं काम आहे, देव जाणे."

ती वाकली. वायरीचं तांब्याचं टोक दोनदा पिळलेलं होतं आणि मग उलटं आत वळवलेलं. घरी कपडे वाळत घालायच्या तारेला असाच पीळ होता, मुलीच्या सायकलच्या टोपलीलाही. कोणाच्या बोटाला लागता कामा नये, असं पुटपुटत तो घालणारा घरात एकच माणूस होता.

तिने काचेतून वर पाहिलं. सासऱ्यांनी मफलर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला होता.

"थर्मोस्टॅट नवीन बसवा आणि पंखा पूर्वीसारखा करा," ती मिस्त्रीला म्हणाली. "आणि अडाणी म्हणू नका त्याला."

मग तिने सासऱ्यांच्या बाजूचं दार उघडलं.

"बाबा, तीन वर्षांत गाडी एकदाही उकळली नाही. मला वाटायचं, माझा हात बसलाय."

सासऱ्यांनी मफलर तोंडावरून खाली ओढला.

"तू पहिल्यांदा निघणार होतीस, त्याच्या आदल्या दिवशी केलं," ते म्हणाले. "घरात एक हात भाजला तेवढा पुरे."

"आणि तीन हिवाळे माझ्या शेजारी कुडकुडत बसलात!"

"दोन मफलरांत भागतं."

"निदान परवा, डॉक्टरांनी सांगितल्यावर तरी बोलायचं. गप्प बसून वन्संकडे जायला निघालात."

"मी शेजारी नसताना तर ती वायर हवीच होती," सासरे म्हणाले.

तिने त्यांच्या गुडघ्यावरून घसरलेलं ब्लँकेट नीट केलं आणि तिथेच हात ठेवून उभी राहिली.

"वन्संना फोन करते," ती म्हणाली. "मशीन परत जागेवर ठेवा म्हणून."

"दार लाव आधी. गार वारा येतोय."

दुपारी ट्रक रस्त्याला लागला. तीन वर्षं तळाशी पडून राहिलेला तापमानाचा काटा हळूहळू वर चढू लागला. तिची नजर पुन्हा पुन्हा तिकडे जाऊ लागली.

"काट्याकडे बघू नकोस. रस्त्याकडे बघ. आणि गिअर बदल, किती रडवशील तिला!"

काटा मध्यावर येऊन थांबला. जाळीतून उबदार हवा येऊ लागली आणि काचेवरचं धुकं विरलं. सासऱ्यांनी एक मफलर काढून मांडीवर ठेवला, पण नजर हलवली नाही. ती निश्चिंतपणे रस्त्याकडे बघत राहिली. काट्याकडे बघायला ते होते.