उठून गेलेली उंबरवाडी

पौडच्या बाजारात माझं किराणा दुकान. पुड्या बांधायला पुण्याहून रद्दी येते. सत्तावन्न साली त्या रद्दीत मुळशी भागाचा जुना सरकारी नकाशा निघाला आणि तो फाडायला माझा हात धजेना. धरणाच्या आधीचा असल्यानं त्यात तलावच नव्हता. पाण्याखाली गेलेली गावं आपापल्या जागी निवांत बसली होती. ओढे, खिंडी, देवराया, काहीच सुटलं नव्हतं. हे सगळं रान कुणीतरी पायांनी तुडवलं असणार. त्या माणसाला मी मनोमन सलाम केला. माझी बायको अमिना म्हणाली, दुकानदार रद्दी वाचत बसला तर घरची चूल कशी पेटायची. मी तिच्यावर उखडलो. डोकं तापायला मला वेळ लागत नाही.

डोंगरातल्या उंबरवाडीची तानुबाई मीठ न्यायला आली, तेव्हा मी फुशारकीनं तिची वाडी नकाशात दाखवली. खिंडीच्या पश्चिमेला, ओढ्याकाठी तीन काळे ठिपके, म्हणजे तीन घरं. ती म्हणाली, वाडी खिंडीच्या अलीकडं आहे, पलीकडं नाही. सरकारी कागद चुकत नसतो, असं मी जरा चढ्या आवाजातच सुनावलं. मग तिचा चेहरा पाहून तिला बसायला पोतं सरकवलं.

तिनं सांगितलं ते असं. मोठ्या तापसरीच्या, म्हणजे तापाच्या साथीच्या साली, ती लहान असताना, जुनी वाडी उठली. तिच्या आईला ताप होता, म्हणून आई मागं राहिली. त्या लोकांची रीत अशी, की साथीत वाडी सोडली तर सरळ वाटेनं जायचं नाही. रानातून वळसे घालत जायचं, म्हणजे रोगाला माग लागत नाही. आणि जुन्या जागेचं नाव काढायचं नाही. मोठी माणसं तोंड न उघडताच वारली. पोरांना एवढंच आठवत होतं, की आपण उगवतीकडून आलो. तेव्हापासून लग्नाची पहिली हळद उगवतीला तोंड करून जुन्या वाडीच्या नावानं वाहतात. आता तिच्या मुलाचं, मंगळ्याचं, लग्न तोंडावर आलं होतं.

"शेट," ती म्हणाली, "मंग आमी आजवर आयकडं पाठ करून हळद वाहिली का?"

नकाशातले ठिपके त्या जुन्या वाडीचे होते, आणि ते मावळतीला, खिंडीपलीकडं होते. हळदीच्या दिवशी दुकान बंद ठेवून मी नकाशा घेऊन वर गेलो. तानुबाई आणि तिचा दीर गोमा बरोबर होते. नकाशात ओढा जिथं वळला होता, तिथंच तो वळला. करवंदीच्या जाळीत घरांची जोती सापडली, एक फुटकं जातंही. मी खुशीत नकाशाचं कौतुक करत होतो. तानुबाई मात्र पुढं चालत एका कपारीपाशी थांबली.

कपारीखाली चुलीचे तीन दगड होते, आतून काळे. गोमा म्हणाला, कुणा गुराख्याची चूल असेल. तिनं मान हलवली. बाजूच्या दगडावर एक मातीची तवली पालथी होती, काठाला टवका उडालेली. लहानपणी तो टवका तिच्याच हातून उडाला होता. म्हणजे सगळे गेल्यावरही आई जगली होती, इथं राहिली होती.

तानुबाई चुलीपाशी बसली आणि समोर बघत राहिली. खिंडीच्या वर धूर चढत होता. पलीकडं वाडीत मांडवाचं जेवण शिजत होतं.

"हितनं वाडीचा धूर दिसतुया," ती म्हणाली. "आयला ठावं हुतं आमी कुटं हाय ते. येका हाकंवर. रोज धूर बघितला आसंल तिनं. पर आली न्हाई. ताप आमच्याकडं यील म्हून."

तिनं तिन्ही दगडांना हळद लावली. मला रडू आवरेना आणि मी ते आवरलंही नाही. अशी बाई मी आयुष्यात पाहिली नाही, आणि त्या माउलीलाही कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी सगळी वाडी मावळतीला तोंड करून उभी राहिली.

घरी आल्यावर मी नकाशा पसरला. नकाशा काढणाऱ्या त्या माणसाचं काहीच चुकलं नव्हतं. त्याच्या वेळेला घरं तीनच होती. मी कानावरची पेन्सिल काढली आणि ओढ्याच्या वळणावर, खिंडीच्या बाजूला, चौथा ठिपका काढला.