ज्यूरीच्या आठवड्याचा पगार

टेनेसीतल्या त्या गावात ज्यूरीचं, म्हणजे कोर्टात निवाडा द्यायला बसण्याचं, बोलावणं आलं की लोकांची तोंडं कडू होत. वेर्ना हॅचरने तर कपाळाला हात लावला. टॅगर्टच्या खानावळीत ती बिस्किटं भाजायची. आठवडा बुडाला की घरभाडं बुडालंच, कोर्ट देईल त्यात काय भागणार? पगार चालू राहील का, एवढंच मालकाला विचारायचं होतं. पण टॅगर्टपुढे तोंड उघडायचं तिला धाडस होईना. आधीच्या मालकाने अशा वेळी छदाम दिला नव्हता, तेव्हा हाही देणार नाही, असं तिने ठरवून टाकलं. न विचारता ठरवून टाकण्यात माणसाचा हात कोण धरील!

खटला डेल्विन प्रूइट या पोरावर होता, दुकान फोडल्याचा. दुकानदाराने चोराची पाठ पाहिली होती, तोंड नाही. बाराही जणांचं एकमत झाल्याशिवाय ज्यूरीची सुटका नव्हती. बंद खोलीत अकरा जण दोषी म्हणाले. वेर्ना एकटी नाही म्हणत राहिली. गुरुवारभर राहिली.

शुक्रवारी ज्यूरीचा प्रमुख करवादला, "बाई, पुढचा आठवडाही इथंच बसवतेस का? तुझं पोट भरलेलं दिसतंय!"

पुढचा आठवडा! वेर्नाला घरमालकीण दिसायला लागली. तिने मान खाली घालून 'दोषी'साठी हात वर केला. मग भर कोर्टात न्यायाधीशांनी एकेकाला विचारलं, "हे तुमचंच मत ना?" तीही हो म्हणाली. पोराच्या आईने हंबरडा फोडला.

तिथून ती तडक खानावळीत गेली, उद्याची पाळी मागायला. टॅगर्टने गल्ल्याखालून पाकीट काढून तिच्यापुढे सरकवलं.

"आठवड्याचा पगार. कोर्टाचे पैसे तेवढे वळते केलेत."

"कसला पगार? मी कामावर आलेच नाही की."

"ज्यूरीवर होतीस ना? कायदाच आहे तसा. महिनाभर बसली असतीस तरी दिला असता. विचारायचंस की बये, मी काय खाणार होतो तुला?"

वेर्ना दाराकडे वळली.

"कोर्ट उघडं असेल का हो अजून?"

"आता कशाला? सुटलीस ना एकदाची?"

"मी नाही म्हणत होते, मिस्टर टॅगर्ट. काल दिवसभर नाही म्हणत होते. भाड्यापायी हो म्हटलं."

टॅगर्टचा हात गल्ल्यावरच राहिला. कोपऱ्यातून कुणी कॉफी मागितली, तिकडे दोघांचंही लक्ष गेलं नाही.

"आणि पोराचं काय झालं?" त्याने हळूच विचारलं.

"बेड्या घालून नेला," वेर्ना म्हणाली. पाकिटाला तिने हात लावला नव्हता.