मंगळवारी धुतलेला फ्रीजर

अपाम या मच्छीमार गावाच्या किनाऱ्यावर मंगळवारी समुद्राला सुट्टी असते. होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या, पुरुषमाणसं फाटकी जाळी मांडीवर घेऊन बसलेली, आणि मासळीच नाही म्हटल्यावर बायकांनाही जरा पाठ टेकता येते. पाठ टेकता येते हे आपलं म्हणायचं. अराबाला अठ्ठावन्न वर्षांत असा एकही मंगळवार आठवत नव्हता. मंगळवारी फ्रीजर धुवायचा असतो.

तिच्या गल्लीत मासळी विकणाऱ्या सगळ्याच बायकांची ही रीत. उरलीसुरली मासळी सोमवारी मिळेल त्या भावात काढून टाकायची, झोपण्याआधी बटण बंद करायचं आणि सकाळी झाकण उघडं टाकून, अर्धं अंग आत घालून साबणाने घासत बसायचं. आया-आज्यांनी मासळीच्या टोपल्या याच वारी धुतल्या, यांनी फ्रीजर धुतले. समुद्र निजलेला असताना मासळीच्या भांड्यानेही निजावं, एवढाच त्याचा अर्थ. कुणी विचारत नसे आणि कुणी सांगतही नसे.

अराबाचा फ्रीजर चांगला लांबरुंद होता, माणूस आत आडवा झोपेल एवढा. तिचा नवरा एको याने तो बावीस वर्षांपूर्वी टेमा बंदरात जहाजावरून उतरलेल्या जुन्या सामानातून आणला. हॉलंडच्या कुठल्याशा दुकानदाराने कंटाळून टाकून दिलेला. तिकडे ज्याला म्हातारा म्हणून हाकललं, तो इकडे येऊन बावीस वर्षं राबला. एको जाऊन नऊ वर्षं झाली, फ्रीजर मात्र होता. सुरू होताना तो आधी दोनदा 'टक टक' करायचा, अगदी कुणी बोटांनी दार वाजवावं तसं, आणि मग घरघर लावायचा. नवा पाहुणा हमखास दाराकडे बघायचा. अराबाचा एकुलता एक मुलगा फीफी लहानपणी त्याच्या मागेच चटई टाकून झोपत असे, कारण तिथे ऊब असायची. त्या घरघरीशिवाय त्याला झोप यायची नाही.

पण म्हातारा वीज खायचा ती राक्षसासारखी. आगाऊ पैसे देऊन मीटरमध्ये भरलेली वीज दहा दिवस पुरायला हवी, ती चौथ्या दिवशी संपे. मग सगळं घर अंधारात, आणि अराबा मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन या शेजारणीकडून त्या शेजारणीकडे. या वर्षी दोनदा अख्खा माल सडला. दुसऱ्या खेपेला ती रडलीसुद्धा नाही. खड्डा खणला, मासळी पुरली आणि हात धुऊन ओट्यावर बसून राहिली. दमली होती बाई. झोपेने जाईल असला तो थकवा नव्हता.

फीफी आता दूर कुमासी शहरात टायर विकत होता. गेल्या ईस्टरला आला तेव्हा त्याने निकालच दिला.

"आई, हा फ्रीजर तुला एक दिवस खाणार. सरकारची ती नवी योजना आहे ना, त्यात नवा मिळाला तर राहा इथे, माझं काही म्हणणं नाही. नाही मिळाला तर मी गाडी घेऊन येणार आणि तुला उचलून नेणार."

"मी काय टायर आहे उचलून न्यायला?"

"टायर बरा. टायर उलट बोलत नाही."

ती हसली होती, आणि 'बरं' म्हणाली होती. एकदा दिलेला शब्द फिरवणं तिच्या स्वभावात नव्हतं. पण कुमासीत समुद्र नाही. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, सून चांगली, जेवण वेळेवर, आणि दिवसभर टीव्हीसमोर हात मांडीवर ठेवून बसायचं. मरायला काय, तिथेही येतं, पण जगायचं कसं हे तिला कळत नव्हतं.

योजना साधी होती. जुना, वीजखाऊ फ्रीज सरकारला द्यायचा. ते त्याचा वायू काढून घेणार, चुराडा करणार आणि नव्या, कमी वीज खाणाऱ्या फ्रीजरची अर्धी किंमत भरणार. उरलेल्या अर्ध्यासाठी अराबाने दोन वर्षं पोटाला चिमटा घेतला होता. तिचं नाव यादीत लागलं. रविवारी भोंग्याची गाडी गल्लीगल्लीतून ओरडत गेली: मंगळवारी साहेब तपासणीला येणार, ही शेवटची फेरी, जुना फ्रीज रिकामा असावा आणि चालू असावा. मंगळवार का, तर त्या दिवशी बायका घरी सापडतात. राजधानीतल्या कुणा शहाण्याने फार विचार करून तो वार निवडला असणार.

'चालू असावा' हे अराबाने ऐकलं आणि तिला हसूच आलं. चालू नाही तर काय? बावीस वर्षं चालूच तर आहे.

म्हणून त्या मंगळवारी तिने तो कधी धुतला नसेल इतका धुतला. कडेचा गंज लिंबाने घासला, झाकणाच्या रबरातली घाण काडीने काढली, आतून कोरड्या फडक्याने पुसला आणि वरून एकोच्या अंत्यविधीला शिवलेलं कापड अंथरलं. मुलगी सासरी धाडावी तसं. शेजारची अजुबा दारातून बघत होती.

"ताई, चुराडा करणार आहेत त्याचा. नवरी काय नटवतेस?"

"अन्न खाल्लंय त्याच्या जिवावर. घाणेरडा कसा देऊ?"

अकराच्या सुमाराला साहेब आले. साहेब म्हणजे याकुबू नावाचा चाळिशीचा माणूस, वर उत्तरेकडचा. त्याच्या गावापासून समुद्र दोन दिवसांच्या वाटेवर. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, हातात थर्मामीटर आणि मोबाइल. त्याने कापड बाजूला केलं, झाकण उघडलं, आत हात घातला आणि डोळे मिटले.

"मावशी, हा गरम आहे."

"धुतलाय ना. आज मंगळवार."

"मंगळवारचं काय?"

अराबा आणि अजुबाने एकमेकींकडे पाहिलं. मंगळवारचं काय, हे आजवर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. अराबाने सांगायला सुरुवात केली: समुद्र, होड्या, आई, टोपल्या. याकुबूने मान डोलवत सगळं ऐकलं आणि कपाळ चोळलं.

"सकाळपासून हा चौथा. सगळे कोरडे ठणठणीत, साबणाचा वास येणारे. मी म्हणतोय, या गावात एकाचाही फ्रीजर चालत नाही की काय!"

"चालतो हो! हा बघा."

तिने बटण दाबलं. टक टक. याकुबू वळून दाराकडे बघायला लागला. अजुबा अंगावरच्या कापडात तोंड खुपसून हसली. मग घरघर सुरू झाली आणि पायाखालची फरशी हलल्यासारखी वाटली.

"चालतो," याकुबू म्हणाला. "मला पटलं. पण कागदाला माझं पटणं नको असतं. आत थर्मामीटर ठेवायचा, शून्याच्या खाली दहा गेला की फोटो काढायचा, फोटो मोबाइलवरून तिकडे जातो. तो गेला की तुमचा नवा फ्रीजर इथे, हा ट्रकमध्ये. बंद फ्रीज दाखवून लोकांनी फार फसवलं म्हणून हा नियम. पाच वाजता परत येतो. तोवर होईल?"

"तीन तासांत दगड करतो हा पाण्याचा."

"मग झालं. पाचपर्यंतच आहे हं मावशी. उद्या ट्रक दुसऱ्या गावाला, आणि पैसेही संपत आलेत योजनेचे."

तिने त्याला मक्याच्या आंबवलेल्या पिठाचं केंके आणि तळलेला मासा बांधून दिला. नको नको म्हणत त्याने घेतला, आणि ओटा उतरायच्या आत पुडी सोडली.

अराबा फ्रीजरजवळ स्टूल टाकून बसली. झाकण उघडायचं नाही, थंडावा जातो. तरी दर अर्ध्या तासाने ती तळहात झाकणावर ठेवून बघे. एक वाजता आतून गारवा लागायला लागला. दोन वाजता तिने झाकण बोटभर उचललं, तर तोंडावर थंड वाफ आली. चल राजा, ती म्हणाली. एवढं आज कर, मग सुटलास.

अडीच वाजता लाइट गेली.

घरघर थांबली आणि समुद्राचा आवाज घरात आला. गल्लीत नेहमीसारखी "गेली रे गेली" अशी ओरड झाली. अराबा उठली नाही. मीटरजवळ जाऊन बघायचीही तिला गरज वाटली नाही. गल्लीभर गेली म्हणजे गावभर गेली, आणि गेलेली लाइट कधी येते ते वीजवाल्यांनाही ठाऊक नसतं. फ्रीज बदलून वीज वाचवा म्हणून ज्यांनी भोंगे फिरवले, त्यांच्याकडे हा फ्रीज वीज खातो हे दाखवण्यापुरतीसुद्धा वीज नव्हती. कुणावर चिडायचं म्हटलं तर अंगात जोर लागतो. तो तिने सकाळी गंज घासण्यात घालवला होता.

पाच वाजता याकुबू आला. आता तो सकाळपेक्षा म्हातारा दिसत होता. थर्मामीटर आत ठेवून दोघंही वाकून बघत राहिले. काटा तीनवर थांबला. शून्याच्या वर तीन.

"त्या तिघांचंही हेच," तो म्हणाला. "मी गाडीवाल्याला पाऊण तास थांबवलंय. तो शिव्या देतोय."

"तुम्ही सकाळी ऐकलात ना आवाज?"

"ऐकला, मावशी. दाराकडे बघितलं मी."

 मग याकुबूने दाराबाहेर नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"थोडा बर्फ असेल का कुठे? मीठ मारलेला. थर्मामीटरखाली ठेवला तर... मी काही बघत नाही. मी बाहेर उभा राहतो."

अराबाने आयुष्यात खोटं माप घातलं नव्हतं. पण तिने क्षणभरही विचार केला नाही. "अजुबा!" तिने हाक मारली, आणि अजुबा चप्पल न घालताच पळाली.

ती गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, मग वरच्या आळीत, मग गाड्यांच्या तळावर. मीठ होतं, गल्लीत पोत्यांनी होतं. बर्फाचा मात्र एक खडा नव्हता. सगळ्यांचे फ्रीजर धुऊन, पुसून, झाकणं उघडी टाकून वाळत पडलेले. बर्फाच्या कारखान्याला कुलूप, कारण होड्या जात नाहीत त्या दिवशी बर्फ कोण नेणार? अजुबा परत आली तेव्हा तिच्या हातात पिण्याच्या थंड पाण्याची एक छोटी पिशवी होती. तीही कोमट झालेली.

"एवढंच मिळालं, ताई."

याकुबूने ती पिशवी पाहिली. गाडीवाल्याने लांबून हॉर्न दाबून धरला. याकुबूने मोबाइल खिशात टाकला, मग फ्रीजरच्या झाकणावर हात ठेवला, माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा.

"आमच्याकडे कुणी सांगितलंच नाही, मावशी. मंगळवारचं."

"आम्हाला तरी कुठे कुणी विचारलं," अराबा म्हणाली. मग तिने ती पाण्याची पिशवी उचलून त्याच्या हातात दिली. "प्या. घसा सुकलाय तुमचा."

ट्रक नवे कोरे चार फ्रीजर तसेच घेऊन, धूळ उडवत वळणाआड गेला. 

अंधारून यायला लागलं तेव्हा फोन वाजला. फीफी. अराबाने दिवा लावला नव्हता. फ्रीजरला पाठ लावून ती जमिनीवर बसली होती, जिथे पूर्वी त्याची चटई असे तिथेच.

"आई? काय झालं? मिळाला?"

तिला वाटलं, सांगावं. सांगून टाकलं की सुटले. तो गाडी घेऊन येईल, दोन गाठोडी होतील, तिसऱ्या मजल्यावर गादी मऊ असेल, मध्यरात्री मासळी डोक्यावर घेऊन हिंडायला नको. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण बाहेर कुणीतरी होडीखालचे ओंडके सरकवत होतं. मंगळवार मावळत होता आणि माणसं उद्याच्या तयारीला लागली होती. पहाटे होड्या येतील, आणि किनाऱ्यावर आपण नसू.

"मिळाला," ती म्हणाली.

"खरं?"

"मग काय. पांढराशुभ्र. वीज म्हणशील तर चिमणीएवढी खातो. आणि आवाज? अजिबात नाही रे. घरात आहे की नाही तेच कळत नाही."

"बरं झालं, आई." फीफीने सुस्कारा टाकला. त्यात सुटका होती, आणि थोडं वाईट वाटणंही होतं, असं तिला वाटलं. "मी इकडे खोली रंगवायला काढली होती. म्हातारा गेला म्हणायचा शेवटी."

"गेला."

आणि नेमकी तेव्हाच लाइट आली. गल्लीतली पोरं "आली रे आली" करून किंचाळली, डोक्यावरचा दिवा भप्पकन पेटला, आणि अराबाच्या पाठीमागे, अगदी मणक्याला लागून, दोनदा टकटक झालं. मग घरघर सुरू झाली.

तिने फोन छातीशी दाबून धरला. उशीर झाला होता. पुन्हा कानाला लावला तर पलीकडे टायरच्या दुकानातले सगळे आवाज होते, फक्त फीफीचा नव्हता.

"कुणीतरी दार वाजवतंय," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "बघते कोण आलंय."

 घरघर चालू होती.

"उठू नकोस, आई," तो अखेर म्हणाला. "बसून राहा. मला माहीत आहे कोण आलंय." मग म्हणाला, "आणि हा फोन लगेच ठेवू नकोस. जरा असाच राहू दे, ऐकू दे मला."

तिने फोन फ्रीजरच्या झाकणावर ठेवला, आणि पाठीला ऊब लागेपर्यंत तशीच बसून राहिली.