दोनशे ग्रॅम वजा

मित्रांनो, दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत आकड्याला टांगलेला मी एक जुना वजनकाटा आहे. गोल तबकडी, तिच्यावर एक काळा काटा आणि खाली कापडी झोळी, एवढाच माझा संसार. झोळीत बाळ ठेवतात, बाळ भोकाड पसरतं आणि मी त्याचं वजन सांगतो. माझ्या झोळीत बसून हसलेलं बाळ मला तरी आठवत नाही.

कारखान्यातून आलो तेव्हा मी अगदी अचूक होतो आणि मला त्याचा तोराही होता. मग नदीपलीकडून माणसं जीव मुठीत धरून आली, शाळेच्या मैदानात तंबू पडले आणि दिवसाला साठ-साठ बाळं माझ्याकडे येऊ लागली. माझी स्प्रिंग ताणली गेली ती गेलीच. झोळी रिकामी असली तरी माझा काटा दोनशे ग्रॅमवर उभा राहू लागला. शून्यावर आणायचा स्क्रू गंजून बसला होता. डॉक्टरांनी नवा काटा मागवला, पण तो काही आला नाही.

मोठ्या सिस्टरांनी त्यावर साधा उपाय काढला. जखमेवर लावायची चिकटपट्टी कापून त्यांनी माझ्या तबकडीवर लावली आणि पेनाने लिहिलं, ‘२०० वजा’. “म्हातारा आहे, पण लबाड नाही,” त्या आयांना सांगायच्या. “रोज तेवढंच खोटं बोलतो.” मला राग यायचा आणि बरंही वाटायचं.

तंबूंच्या मागोमाग पाच परदेशी संस्था आल्या. पाहुण्यांची मनं मोठी होती, हे मी खोटं सांगणार नाही. पण त्यांना आमची आणि त्यांची अशा दोन्ही भाषा येणारी माणसं हवी होती, आणि मोठ्या सिस्टरांना पाहुण्यांची भाषा येत होती. दुभाषी म्हणून या, सोमवारपासूनच या, पगार चौपट. सिस्टरांचे यजमान वर्षभर अंथरुणाला खिळलेले, घरात दोन शिकत्या मुली.

“तुम्ही नको म्हणालात तर थांबेन,” त्या डॉक्टरांना म्हणाल्या.

“कुठल्या तोंडाने नको म्हणू?” डॉक्टर म्हणाले.

सिस्टर गेल्या. त्यांच्यामागे वर्षभरात तिघी आल्या. चिकटपट्टी वाचून वजाबाकी शिकल्या आणि हात बसतो न बसतो तोच गेल्या. कंपाउंडर गेला, ड्रायव्हर गेला. रोग्यांना तपासणारी माणसं गाड्यांमधून पाहुण्यांचं बोलणं समजावत फिरू लागली. डॉक्टरांच्या नाकी नऊ आले. शेवटी त्यांनी पाचही संस्थांचे उंबरे झिजवले आणि एक करार करवून घेतला. या दवाखान्यातलं माणूस कोणी ओढायचं नाही, आणि बाहेरचे पगारही एका मर्यादेत ठेवायचे.

सह्या आमच्याच खोलीत व्हायच्या होत्या. फोटो निघणार म्हणून आदल्या दिवशी भिंतींना रंग दिला. रंगाऱ्याने मलाही रॉकेलने पुसून लख्ख केलं, आणि चिकटपट्टी बादलीत गेली. बिचाऱ्याला वाटलं, घाण निघाली. तिसरी सिस्टर आठवड्यापूर्वीच गेली होती, त्यामुळे ‘अरे, ती काढू नको’ म्हणणारं कोणी नव्हतं. शिवाय जुनं सामान फोटोत नको म्हणून मला कपाटात ठेवलं. करार वाचून दाखवायला मोठ्या सिस्टरच दुभाषी म्हणून आल्या होत्या. ‘माणूस ओढायचं नाही’ हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं, ते मी कपाटातून ऐकलं.

मग मला परत टांगलं आणि नव्या सिस्टर आल्या. करारामुळे त्या टिकल्या. एका संस्थेने दोनदा विचारलं आणि दोनदा माघार घेतली. “मला अडवलंत, पण माझा पगार तेवढाच राहिला,” त्या डॉक्टरांना म्हणाल्या. तरी बाईंनी कामात कसूर केली नाही. रांगेच्या घाईत रिकाम्या काट्याकडे त्यांचं लक्ष जायचं नाही, पण मी दाखवीन ते त्या बिनचूक लिहायच्या. घात झाला तो तिथेच.

निळ्या दुपट्यात गुंडाळलेलं एक बाळ यायचं. पोषणाची पाकिटं मिळायला त्याचं वजन सहा किलोच्या आत हवं होतं. ते होतं पाच किलो नऊशे. मी दाखवलं सहा किलो शंभर.

“रेघेच्या वर आहे, पाकिटं नाही मिळणार,” नव्या सिस्टर म्हणाल्या.

“अहो, पण तो दूध ओढत नाही,” आई म्हणाली.

“मी काय करू? काटा सांगतो ते.”

तीन सोमवार ती आली आणि तीनदा परत गेली. माझ्या तबकडीखाली तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती. चौथ्या सोमवारी ती आली नाही.

त्याच दिवशी पाहणीला पाहुणे आले, सोबत मोठ्या सिस्टर. पाहुण्याने विचारलेलं त्यांनी आमच्या भाषेत विचारलं, “किती मुलं परत पाठवली?” दुभाष्याने स्वतःचं काही बोलायचं नसतं. पण बोलता बोलता त्यांची नजर वर माझ्याकडे गेली आणि त्या थांबल्या.

“दोनशे वजा करता ना?”

“कशातून?” नव्या सिस्टरांनी विचारलं.

चार महिन्यांची वही उघडली. दोघी शेजारी बसून वजाबाक्या करत राहिल्या. नव्या सिस्टर रडत होत्या. मोठ्या सिस्टर परत पाठवलेल्या एकेका मुलाचं नाव वेगळ्या कागदावर उतरवत होत्या.

“मी परत येऊ का, डॉक्टर?” त्यांनी विचारलं.

“जागा एकच आहे. हिला काढू?”

“नको.”

त्यांनी नवी चिकटपट्टी लावली, ‘२०० वजा’ लिहिलं आणि बाहेर हॉर्न वाजला तशा गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून निरोप गेले. बरीच मुलं परत आली. निळ्या दुपट्यातल्या बाळाचा तंबू मात्र हलला होता, कुठे ते कोणालाच सांगता आलं नाही.

मित्रांनो, मी म्हातारा, मला कोणी जपावं असा माझा हट्ट नाही. पण मला ओळखणारं माणूस जपा. ते दारातून निघायच्या आधी त्याला काय हवं ते विचारा. आणि गेलंच, तर त्याच्या डोक्यात काय होतं ते आधी नीट विचारून घ्या.

आज सोमवार आहे. रांग लागली आहे. काटा दोनशेवर उभा आहे, चिकटपट्टी जागेवर आहे, आणि मी रांगेत निळं दुपटं शोधतो आहे.