टोपाची दुसरी कडी

"यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही," कॅन फोडता फोडता हॅरीने जाहीर केलं, "पण वसईला आमच्या पडवीत आम्ही अशी लागर बिअर केली, की चाखायला आलेला जर्मन पाद्री ‘आमेन’ विसरला!"

कॅनमध्ये मात्र बिअर नव्हती. दोहा शहरातल्या कुठल्याही बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, मिळतं ते बिनदारूचं मॉल्टचं पेय होतं. पण फरीज बिन ओमरान भागातल्या लेकीच्या, व्हेरोनिकाच्या, फ्लॅटवर हॅरीने ते अशा ऐटीत ओतलं, की समोर बसलेल्या, तिच्या ऑफिसातल्या गिरीशनेही नकळत ग्लास तिरका धरला.

इथली आयुष्यभराची नोकरी संपवून हॅरी पुढच्या आठवड्यात कायमचा वसईला निघाला होता. त्याची बायको जोस्लीन वारली, त्याला वर्ष होत आलं होतं. या नाताळात तिची बिअर तिच्याच टोपात पुन्हा करायची, हे त्याच्या मनाने घेतलं होतं. नाशिकला हा उद्योग केलेला गिरीश वसईच्या पत्त्यावर मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, मागवायला फोन उघडून बसला होता.

"नुसतं फिकं पिल्सनर मॉल्ट, की गडद म्युनिकही घालायचं, काका?"

"दोन्ही. रंग असा यायला हवा, की सोनाराने ग्लास काट्यावर ठेवावा."

"मग एकदाच गरम पाणी ओता आणि तासभर झाकून ठेवा. आजकालच्या मॉल्टला तेवढं पुरतं."

"छे! ते आळशांचं काम. भिजलेल्या मॉल्टचा तिसरा हिस्सा वेगळा काढायचा, उकळायचा, परत टोपात ओतायचा. थर्मामीटर गेला खड्ड्यात! आधी सूं... मग रटरट, मग डब्‌, डब्‌, दमेकरी म्हातारा जिना चढतो तसं. की जोस्लीन ओरडायची, ‘धर!’ एक कडी तिच्या हातात, दुसरी माझ्या. ओतलं की मोठा टोप उसासा टाकायचा."

डोळे मिटून हॅरीने तो न दिसणारा टोप दोन्ही हातांनी पेलला. स्वयंपाकघरात भांडी विसळणाऱ्या व्हेरोनिकाने नळ बंद केला.

"आणि उकळताना वास कसा यायचा?" गिरीशने विचारलं. "त्यावरून म्युनिक किती ते ठरवतो."

हॅरीचे हात हवेतच थांबले.

"वास... बिअरला बिअरचाच वास येणार ना, बाबा!"

"बरं, उकळायला घट्ट काढायचात की वरचं पातळ?"

"पातळ," हॅरीने ठोकून दिलं. "वरचं, निवळ. मी स्वतः काढायचो."

व्हेरोनिका ओले हात पुसत दारात आली.

"घट्ट, पप्पा. पळी उभी राहील असं." मग ती गिरीशकडे वळली. "आणि वास पावाच्या भाजलेल्या कडेसारखा."

"तेच तर सांगतोय! मी तिथे उभा—"

"खोटं. दुसरी कडी मी धरायचे, पप्पा. मम्मी मानेत फोन धरून उभी असायची. तुम्ही इकडे दोह्यात, त्या फोनात होतात."