पेटीत पेपरमिंट

नाना समोर बसलेले असताना त्यांची दोन्ही मुलं त्यांच्याबद्दल बोलत होती. जणू तिथे बाप नव्हताच, जुनं कपाट होतं. हलवायचं की आहे तिथेच राहू द्यायचं, एवढाच काय तो प्रश्न.

"या वयात दोन दिवसांचा गाडीचा प्रवास," नानांची मुलगी, म्हणजे सुनेची नणंद, म्हणाली. "आणि कशासाठी? तर त्या इंजिनवाल्याला सिगारचा वास द्यायला. कोणाला सांगायचीही सोय नाही!"

"म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण," सुनेच्या नवऱ्याने री ओढली.

सून स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. ती कानाच्या यंत्रांच्या दुकानात दुरुस्तीचं काम करायची. नानांची दोन्ही यंत्रं तिने सकाळीच साफ करून, नीट लावून दिली होती. त्यांना शब्दन् शब्द ऐकू येतोय, हे तिला ठाऊक होतं. त्यांच्या मुलांनाही ठाऊक होतं. म्हणूनच तिचं डोकं जास्त फिरलं.

नाना जहाजावर रेडिओ सांभाळायचे. उभी हयात कानाला हेडफोन लावून गेली, त्यातच कान गेले. इंजिनवाला त्याच जहाजाच्या पोटात, इंजिनच्या खोलीत काम करायचा. सफर संपून जहाज बंदराला लागलं की दोघं डेकवर एकेक सिगार ओढायचे. बस, तेवढंच. एरवी नाना सिगारला हातही लावत नसत. घरी लाकडी पेटीत थोड्या सिगार असायच्या, त्याही अधूनमधून उघडून हुंगायला. आता इंजिनवाल्याची नजर गेली होती. फोनवर तो म्हणाला होता, "रेडिओ, ये एकदा. डोळे गेले, पण नाक शाबूत आहे. ती तपकिरी सिगार घेऊन ये. ओढायची नाही रे, छातीत राम उरलाय कुठे? नुसती नाकाखाली धरू."

खरं सांगायचं तर सुनेला सिगारच्या वासाने मळमळायचं. नानांची पेटी उघडली की ती खिडकी उघडायची. पण आवड-नावड वेगळी आणि माणसाला हिशेबातच न धरणं वेगळं.

"मी जाते नानांबरोबर," ती म्हणाली. "माझी रजा शिल्लक आहे."

नणंदेने भुवया चढवल्या. "तू? तुला तर वास सहन होत नाही."

"वास नाही सहन होत, ताई. हे बोलणं तर त्याहून सहन होत नाही."

नवरा पेपरात तोंड घालून बसला. त्या दिवशी चहा नानांनी स्वतः उठून केला आणि पहिला कप सुनेला दिला.

अडचण एकच होती. सिगारला ओल लागते. जास्त झाली तर बुरशी, कमी झाली तर चुरा. मागे एकदा नानांनी नुसत्या रुमालात गुंडाळून सिगार नेल्या होत्या. गाडीच्या कोरड्या थंडगार डब्यात त्या अशा वाळल्या की हातात धरताच पानाला तडे गेले. वाळलेल्या सिगारला वास उरत नाही, आणि इंजिनवाल्यासाठी वास हेच तर सगळं होतं. प्रवासात ओल टिकवणारी पेटी बाजारात मिळते, तिला ह्युमिडॉर म्हणतात. नानांनी मुलाला ती मागवायला सांगितली होती. मुलगा हसला होता, "नाना, उद्या म्हणाल सिगारला पलंग आणा."

"आपण घरीच करू," सून म्हणाली. "आजवर यंत्रांतली ओल बाहेर काढण्यात माझे हात झिजले. आता ओल आत ठेवून बघू."

नानांचे हात थरथरायचे, तेव्हा डोकं त्यांचं आणि हात तिचे असा करार झाला. झाकणाला रबर आणि चारही बाजूंना क्लिपा असलेला जेवणाचा डबा तिने घेतला. नानांनी तो भरल्या बादलीत दाबून धरायला लावला. एक बुडबुडा जरी आला असता तरी डबा नापास. आला नाही. दुकानात यंत्रांच्या खोक्यांतून येणारा फोम तिने मापाने कापला, त्यात पाच सिगारींसाठी पाच खाचा केल्या. नानांच्या जुन्या सिगारपेटीचं झाकण देवदाराचं होतं. त्याच्या पातळ पट्ट्या काढून तिने तळाला आणि झाकणाच्या आत बसवल्या.

"देवदार कशाला?" तिने विचारलं.

"सिगारला माहेरचा वास लागतो," नाना म्हणाले.

ओलीसाठी तिने साबणाची छोटी डबी घेतली, तापवलेल्या सुईने तिला भोकं पाडली आणि आत स्पंजचा तुकडा बसवला. पाणी मात्र शुद्ध केलेलं, औषधाच्या दुकानातलं. नळाचं घातलं तर बुरशी आलीच म्हणून समजा. दुकानात ओल मोजायची छोटी तबकडी असते, तीही तिने मालकाला विचारून आणली. पहिल्या दिवशी स्पंज चिंब भिजवला गेला आणि तबकडीचा काटा पार टोकाला जाऊन बसला.

नाना डब्यात डोकावले. "सूनबाई, ही पेटी आहे की न्हाणीघर? पाच म्हातारे आंघोळीला बसवायचेत का?"

ती इतकी हसली की हातातला स्पंज खाली पडला. मग तो पिळून, पुसून, पुन्हा बसवून, रिकाम्या डब्यावर रोज नजर ठेवून, हळूहळू काटा जागेवर आला आणि तिथेच राहिला. नानांनी सिगार एकेक करून खाचांत निजवल्या. झाकण लावताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते सुनेने लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

निघायच्या सकाळी नणंद मदतीला आली. तिने नानांच्या कपड्यांच्या घड्या घातल्या, गोळ्या मोजून दिल्या, पाया पडताना डोळ्यांत पाणीही आणलं. नवऱ्याने बॅग उचलून गाडीत ठेवली. सुनेला वाटलं, चला, राग गेला वाटतं. तिने मनातल्या मनात दोघांना माफ करून टाकलं.

दुपारी गाडी मोकळ्या माळावरून धावत असताना नानांनी पेटी मांडीवर घेतली. दिवसातून एकदा झाकण उघडून आत ताजी हवा जाऊ द्यायची, असा त्यांचा नियम होता. त्यांनी चारही क्लिपा सावकाश उघडल्या.

आत खाचांमध्ये पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पाच नळ्या होत्या. चकचकीत हिरव्या कागदातल्या, लहान पोरांना खिशात देतात तशा. देवदाराच्या वासाचा मागमूस नव्हता. भपकन पेपरमिंट नाकात गेलं.

नाना बघत राहिले. त्यांनी एक नळी उचलली, उलटीसुलटी पाहिली, परत ठेवली. झाकण लावलं. मग दोन्ही कानांतली यंत्रं काढली, खिशात टाकली आणि तोंड खिडकीकडे फिरवून बसले.

सुनेने हाक मारली. हात हलवून पाहिला. ते वळले नाहीत. तिची कानशिलं तापली. हातात फोन घेऊन ती डब्याच्या दारापाशी गेली.

"ताई, सिगार कुठे आहेत?"

"कचऱ्यात," नणंद म्हणाली. आवाज शांत होता, त्याची तयारी आधीच केलेली असावी. "आणि उगाच आकांडतांडव करू नकोस. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते तुलाही माहीत आहे."

"ते ओढणार नव्हते! हजारदा सांगितलं त्यांनी."

"सगळे असंच म्हणतात. आई खोकून खोकून गेली, ते तू पाहिलेलं नाहीस, मी पाहिलंय. दोन म्हातारे एकत्र बसले की काय करतील याचा नेम नाही."

नणंदेच्या आवाजात खरी भीती होती, ते सुनेला कळलं. पण त्याने राग उतरला नाही, उलट त्याला धार आली.

"मग तोंडावर सांगायचं होतंत, ताई! बापाशी भांडायचं होतं. हात धरायचा होता. नाना, जाऊ नका, मला भीती वाटते, असं म्हणायला जीभ झडली असती का? पाया पडलात आणि त्याच हाताने बॅगेतली पेटी उघडलीत! चोरी करतात ती अशीच. आणि वर गोळ्या ठेवल्यात! गोळ्या! रडणाऱ्या पोराच्या तोंडात कोंबतात तशा!"

"बोल तू. तुझा काय, सासराच आहे. माझा बाप आहे."

"म्हणून तर लाज वाटायला हवी होती."

तिने फोन ठेवला आणि नवऱ्याला लावला. तो आधी 'काय, कुठे पोहोचलात' करत राहिला. मग तिने सरळ विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"ताईने ठरवलं होतं. तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस."

"बरोबर. नसतंच ऐकलं."

इतके दिवस घरात कापाकापी, मोजमाप चाललं होतं. नवरा येता-जाता बघत होता, एकदा तर फोम धरूनही दिला होता त्याने! सगळं ठाऊक असून. तिला सिगारचं दुःख नव्हतं. आपल्यालाही त्या दोघांनी जुन्या कपाटांतच जमा केलं, हे तिला झोंबलं.

ती जागेवर आली. नानांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती सावकाश म्हणाली, "कचऱ्यात." ओठांवरून त्यांना कळलं. त्यांनी मान हलवली आणि मुक्कामाचं स्टेशन येईपर्यंत यंत्रं खिशातून काढली नाहीत.

इंजिनवाल्याचं घर म्हणजे एका चाळवजा इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पलंगापासून दारापर्यंत दोरी बांधलेली, तिला धरून तो आला. त्याने नानांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, मग हवेत नाक उंचावलं.

"रेडिओ, तू दातांच्या डॉक्टरकडून आलास का रे?"

सुनेने सगळं सांगितलं, काहीही न गाळता. इंजिनवाल्याच्या कपाळाची शीर फुगली. त्याने दोरीवर मूठ आपटली, तशी ती तारेसारखी थरथरली.

"हरामखोर! आम्ही भर वादळात जहाजं हाकली, आणि यांनी आम्हाला गोळ्या द्याव्यात? फोन लाव त्या पोरीला!"

"नको," नाना पहिल्यांदा बोलले. त्यांनी खिशातून यंत्रं काढून कानात घातली होती. "तिच्याशी मी बोलीन. माझी मुलगी आहे."

पण त्या दिवशी ते बोलले नाहीत. सून मात्र स्वस्थ बसली नाही. इंजिनवाल्याने सांगितलेल्या बाजारातल्या दुकानांत ती एकामागून एक गेली. सिगार मागणाऱ्या बाईकडे दुकानदार वरून खाली बघत. एकाने तर विचारलंच, "साहेबांसाठी का?" ती म्हणाली, "सासऱ्यांसाठी. आणि तुम्हाला काय करायचंय?" शेवटी एका धुळकट काचेच्या कपाटात तीन सिगार मिळाल्या. हलकी जात, वाळून काटक्या झालेल्या. नाकाशी धरल्या तर जुन्या पुठ्ठ्याचा वास.

नानांनी त्या बोटांत हळूच फिरवून पाहिल्या. "मेलेल्या नाहीत. बेशुद्ध आहेत. पण घाई करायची नाही. एकदम ओल दिली तर फुगून फाटतील."

पेटी आधी गरम पाण्याने धुतली. फोम आणि देवदाराच्या पट्ट्या अंगणात उन्हात ठेवल्या. पेपरमिंट सहजी जाईना. सून दर थोड्या वेळाने पट्ट्या हुंगायची आणि नणंदेला मनातल्या मनात चार शब्द सुनवायची. शेवटी पट्ट्या घासून काढल्या, तेव्हा आतलं लाकूड बोलू लागलं. मग स्पंजात अगदी थोडं पाणी, दुसऱ्या दिवशी अजून थोडं. इंजिनवाला सारखा विचारायचा, "शुद्धीवर आल्या का?" आणि नाना डॉक्टरच्या थाटात सांगायचे, "नाडी लागतेय."

सुनेची रजा संपायच्या आदल्या संध्याकाळी नानांनी पेटी उघडली. पान मऊ झालं होतं, बोटाने दाबलं की दबून परत वर यायचं. त्यांनी एक सिगार इंजिनवाल्याच्या नाकाखाली धरली. त्याने डोळे मिटले, खरं तर त्याला मिटायची गरज नव्हती. बराच वेळ तो हललाच नाही.

"ओला दोरखंड," तो म्हणाला. "डेकवरचा. आणि तुझा तो भिकार रेडिओ तापायचा, तो वास."

"रेडिओ भिकार नव्हता."

"होताच."

दोघं तासभर भांडत बसले. सिगार कोणीच पेटवली नाही. काडेपेटी मागितलीसुद्धा नाही. सून कोपऱ्यात बसून बघत होती आणि तिचा राग निवायच्या ऐवजी वाढत होता. एवढंच होतं! एवढ्यासाठी नणंदेने कचऱ्याची बादली उघडली होती.

सकाळी नाना म्हणाले, "तू जा. मी इथेच राहतो थोडे दिवस."

"किती दिवस सांगू त्यांना?"

"सांग, ठरवलं की कळवीन."

स्टेशनवर नवरा आणि नणंद दोघंही आले होते. नवऱ्याने तिच्या मागे पाहिलं, मग अजून मागे. "नाना कुठायत?"

तिने निरोप सांगितला. नणंदेचा चेहरा उतरला. ती तिथेच बाकड्यावर बसली आणि म्हणाली, "मी वाईट केलं का गं?"

सुनेला वाटलं, आता 'जाऊ दे' म्हणावं. इतक्या वर्षांत तेच म्हणत आली होती. तिने बॅग नवऱ्याच्या हातात न देता स्वतःच उचलली.

"हो ताई, वाईट केलंत," ती म्हणाली. "तुम्ही दोघांनीही."

पुढच्या आठवड्यात नणंद एकटीच त्या गाडीत बसली. तिथे काय बोलणं झालं ते सुनेला कधी कळलं नाही, तिने विचारलंही नाही. नणंदेचा फोन आला तो एवढाच की नाना अजून महिनाभर येत नाहीत, आणि इंजिनवाल्याने तिला दारातच तासभर उभं ठेवून झाडलं. सांगताना ती रडत होती. सुनेने ऐकून घेतलं, 'बरं' म्हटलं आणि कामाला लागली. नवरा त्या दिवसांत घरात मांजराच्या पावलांनी वावरत होता. एका रात्री जेवताना त्याने विचारलं, "अजून रागावली आहेस?"

"हो," ती म्हणाली आणि त्याला भाजी वाढली.